आजोबा नेहमी शूरच का निघतात?

मुलांच्या युद्धकादंबऱ्यांचा एक साचा ठरून गेलाय. सुट्टीत आजीकडे गेलेली नात, माळ्यावरची ट्रंक, तिच्यात पत्रांचा गठ्ठा आणि शेवटी उलगडा: पणजोबांनी ज्यू कुटुंबाला नाझींपासून तळघरात लपवलं होतं! सगळे रडतात, पुस्तक संपतं. माझी भाची अशा पुस्तकांचा फडशा पाडते, तिच्यामागून मीही वाचते. पण हे रहस्य काही पटत नाही. एवढा पराक्रम कुठलं घर सत्तर वर्षं दडवेल? आपल्याकडे पणजोबा एकदा जेलात जाऊन आले की चार पिढ्या ऐकवतात!

दडवतात ते वेगळंच. नेदरलँड्समधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून जास्त मारले गेले. त्यांच्या याद्या कुणीतरी केल्या, दार कुणीतरी दाखवलं, रिकाम्या घरातलं कपाट कुणीतरी उचलून नेलं. जर्मनांना साथ दिल्याच्या संशयावरून युद्धानंतर ज्यांची चौकशी झाली, अशा जवळपास सव्वाचार लाख लोकांची नावं तिथे जानेवारी २०२५ मध्ये ऑनलाइन आली. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, फाइलचा क्रमांक. बस्स. दोषी की निर्दोष, तेही नाही. फाइल वाचायची तर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नंबर लावायचा.

कादंबरी इथे आहे हो, माळ्यावर नाही. मोबाइलवर आडनाव टाकलं आणि पणजोबा सापडले. रविवारी आजोबांच्या पंक्तीला बसायचंय. विचारायचं? फाइल हाती येईपर्यंत पणजोबा कोण? फितूर, की शेजाऱ्याने खुन्नस काढून अडकवलेला माणूस?

आणि हे आपल्यापासून फार लांबचंही नाही. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी युद्धकैद्यांमधून नेताजींनी जर्मनीत आझाद हिंदची पलटण उभी केली. १९४३ मध्ये तिला नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर पहाऱ्याला ठेवलं होतं. अंगावर जर्मन गणवेश, दंडावर तिरंगा आणि झेपावणारा वाघ. इथल्या नातवाला ते स्वातंत्र्यसैनिक. तिथल्या बेकरीत रांगेत उभ्या बाईला मात्र गावात आलेले आणखी काही जर्मन शिपाई. दोघंही खोटं बोलत नाहीत. मराठीत मुलांसाठी हे कुणीतरी लिहायलाच हवं, आणि शेवटच्या प्रकरणात आजोबांना धुऊन स्वच्छ न करता.

मुलांना झेपेल का, हा प्रश्न येणारच. पहिलीतल्या पोराला आपण कर्णाची गोष्ट सांगतोच की. तो कुणाच्या बाजूने लढला, हेही सांगतो.