लॅपटॉप चालतोय तरी म्हणे बदला

दिवाळीपासून ऐकतोय, अपग्रेड कर नाहीतर नवीन घे, अपग्रेड कर नाहीतर नवीन घे. अरे पण बिघडलाय कुठे तो? बॅटरी मेलीय, चार्जर काढला की लगेच मान टाकतो, चालू होईपर्यंत माझा चहा पिऊन होतो, हे सगळं मान्य. पण चालतोय ना! मी त्याच्यावर लग्नपत्रिका करतो, डिझाइनला कोरल ड्रॉ आणि मराठी फॉन्टला श्रीलिपी, बाकी काही लागत नाही मला.

2018 चं मॉडेल आहे. इंटेलचा आय3 7020यू प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 1 टीबीची 5400 आरपीएमवाली म्हणजे हळू फिरणारी हार्डडिस्क. आता विंडोज 11 ला इंटेल प्रोसेसरची आठवी जनरेशन लागते आणि माझी सातवी, म्हणून मी बाद. पण गंमत बघा, आठवी जनरेशन आली 2017 मध्ये आणि हा 7020यू आला त्याच्यानंतर, 2018 ला! म्हणजे स्वस्तातल्या गिऱ्हाईकाच्या गळ्यात जुनाच माल नवीन म्हणून मारायचा आणि 2021 ला सांगायचं की तुमचा फार जुना झाला बुवा. बरं सातवी चालतच नाही असंही नाही, आय7 7820एचक्यू चालतो, कारण तो विंडोजवाल्यांनी स्वतःच्या महागड्या सर्फेस स्टुडिओ 2 या कॉम्प्युटरमध्ये बसवलाय. घरचा माणूस तो, त्याला कोण अडवणार.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. वर्षभर जास्तीचे सिक्युरिटी अपडेट देतायत, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. मग पुढे काय? पुन्हा तेच.

मग म्हटलं ठीक, अपग्रेड करू. हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाकली की फरक पडतो हे मलाही माहितीय, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम 100 टक्क्यांवर बसलेली असते. पण रॅम पण पाहिजे ना, कोरल उघडून बाजूला ब्राउझरचे दोन टॅब उघडले की संपलं, कर्सर जागचा हलत नाही आणि पत्रिकेचं गिऱ्हाईक शेजारी बसून विचारतं "झालं का हो?" आणि रॅम घ्यायला गेलो तर भाव ऐकून दुकानातच बसायची वेळ. सगळ्या कंपन्यांना एआयच्या सर्व्हरसाठी मेमरी बनवायचीय, त्यात पैसा जास्त, आपली साधी डीडीआर4 रॅम कोण बनवणार. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 ला सांगूनच टाकलं की त्यांचा रॅमचा ब्रँड क्रुशल बंद. म्हणजे कुठल्या तरी डेटा सेंटरसाठी साताऱ्यातल्या पत्रिकावाल्याने रॅमला जास्त पैसे मोजायचे, वा! वर एकजण म्हणतो मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला जा, स्वस्त पडेल. येण्याजाण्याचं भाडं तू देतोस का?

रॅम, एसएसडी, बॅटरी सगळं धरलं तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि एवढं करून विंडोज 11 नाहीच.

बरं नवीन घ्यावा तर बजेटमध्ये मिळतंय काय? 2022 चा आय3 1215यू प्रोसेसर अजून "लेटेस्ट" म्हणून खपवतात. एएमडीचा रायझन 3 7320यू, नावात 7000 सिरीज पण आत झेन 2 हे जुनं डिझाइन, जे पहिल्यांदा 2019 ला आलं होतं! आणि त्याला रॅम लागते ती बोर्डवर सोल्डर केलेलीच, 8 म्हणजे 8, पुढे वाढवायचं नाव नाही. म्हणजे पाच वर्षांनी मी पुन्हा इथेच. स्क्रीन तर अशी फिकी की कुंकवाचा लाल विटकरी दिसतो, मग प्रिंट आल्यावर नवरदेवाच्या काकांशी वाद घालायला मीच. मागे जीएसटी कमी झाला तेव्हा एसी आणि मोठे टीव्ही 28 चे 18 वर आले. लॅपटॉप आधीही 18, आत्ताही 18.

आणि ते लिनक्सवाले! विंडोज काढ, लिनक्स मिंट टाक, मस्त पळेल. पळेल रे, पण कोरल कुठे चालवू? श्रीलिपी चालवायला यूएसबीत लावायचं ते लॉक कुठे लावू? दहा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइल्स, सगळ्या त्याच फॉन्टमध्ये, त्या काय तू परत टाइप करून देणारेस?

तर आत्ता फक्त एसएसडी टाकतोय, बाकी लग्नसराई झाल्यावर बघू. कोणाकडे बंद पडलेल्या लॅपटॉपमधली डीडीआर4 ची रॅम पडून असेल तर सांगा, रोख पैसे देतो. फॉरमॅट मारून बघितलं का हे मात्र कोणी विचारू नका.