पंचा डोक्यावर

साठ वर्षं मी दाराला कडी घालून आंघोळ केली. कडी नसेल तिथे दाराला भरलेली बादली टेकवून केली. गणेशपुरीच्या गरम कुंडातसुद्धा उतरलो तो पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर बनियन ठेवून, कारण काठावर हिच्या माहेरची माणसं होती. हे सगळं सांगायचं कारण, गेल्या नोव्हेंबरात तोक्योला मुलाकडे गेलो असताना चिरंजीवांनी जेवताना जाहीर केलं, "बाबा, शनिवारी कुसात्सूला ओन्सेनला, म्हणजे गरम झऱ्यावर आंघोळीला जातोय आपण. तिथे कपडे चालत नाहीत."

"म्हणजे पोहायचे वेगळे घ्यावे लागतात?"

"नाही बाबा. काहीच चालत नाही."

सूनबाई ताटातल्या भाताकडे बघत राहिली. ही म्हणाली, "आणि बायकांचं?" बायकांची सोय वेगळी आहे म्हटल्यावर "मग ठीक आहे" म्हणून तिने कढी वाढली. माझा प्रश्न कोणाला पडलाच नाही. परक्यांसमोर एक वेळ चालेल, ते पुन्हा थोडेच भेटणार आहेत! पण पुरुषांच्या बाजूला हा माझा मुलगाही असणार होता, आणि त्याच्याशी मला पुढची वीस वर्षं बोलायचं होतं.

तोक्योतल्या उएनो स्टेशनाहून अडीच तास रेल्वे, मग अर्धा तास बस. गाव गुन्मा प्रांतातल्या डोंगरात, 1200 मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा जरा खाली. बसचं दार उघडताच कुजक्या अंड्यांचा भपकारा आला. "इथल्या हवेतच अंडं आहे," असं म्हणून आमच्या शाकाहारी हिने नाकाला पदर लावला. तो गंधकाचा वास. गावाच्या मधोमध 'युबाताके' आहे, म्हणजे गरम पाण्याचं शेत. पन्नास अंशांच्या वरचं पाणी लाकडी पन्हळींतून वाफा सोडत धावतं आणि तेवढ्या धावण्यात निवतं. पाणी लिंबाच्या रसाइतकं आंबट. त्यात गार पाणी घालत नाहीत, औषध पातळ होतं म्हणून. पूर्वापार ते लांब फळ्यांनी घुसळून निववतात, आणि घुसळताना गाणं म्हणतात. मेइजी सम्राटाच्या काळात, म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी, तोक्योत वैद्यक शिकवणाऱ्या बेल्झ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी या पाण्याची फार तारीफ केली. गावकरी म्हणतात, प्रेमाचा आजार सोडून इथे सगळं बरं होतं. माझा आजार लाज. तो यादीत होता की नाही, कोणी सांगेना.

र्‍योकान म्हणजे जपानी धाटणीचं उतरायचं घर, आमचं दहाच खोल्यांचं. दारात बूट काढायचे, आत स्लिपर घालायच्या, तातामीपाशी, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांपाशी, त्याही काढायच्या. संडासाच्या स्लिपर वेगळ्या, त्या तिथेच ठेवायच्या. सोवळ्यात असताना आम्हाला चार हात लांब ठेवणाऱ्या माझ्या आजीला हे शास्त्र पाच मिनिटांत कळलं असतं. मी मात्र संडासातल्या स्लिपर घालून थेट जिन्यापर्यंत आलो. समोरून चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. माझ्या पायांकडे बघून नुसत्या इतकं गोड हसल्या, की मी उलट्या पावली परतलो.

मग युकाता, म्हणजे पुढून एकावर एक घ्यायचा सुती झगा. तो नेसून मी आरशासमोर उभा राहिलो, तर सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, डावी बाजू वर घ्या. उजवी वर फक्त मयताला घालतात." मी बदलली. तोवर खिडकीतून खालच्या मालकीणबाईंनी मला वाकून नमस्कार केला होता. तो पाहुण्याला होता की दिवंगताला, देव जाणे.

संध्याकाळी पाच वाजता घटका भरली. निळा पडदा पुरुषांचा, लाल बायकांचा. दागिने काढून ठेवा, असं सूनबाईने हिला दोनदा बजावलं. "मंगळसूत्र सोन्याचं आहे, त्याला काय होतंय," असं म्हणत ही लाल पडद्याआड गेली, मागे वळूनही न बघता.

आत वेताच्या टोपल्या. चिरंजीव आठ वर्षं जपानात आहेत. अर्ध्या मिनिटात मोकळे होऊन ते आत चालू लागले. मी आधी चष्मा काढला. आपल्याला कोणी दिसलं नाही की आपणही कोणाला दिसत नाही, असा माझा हिशेब. मांजर डोळे मिटून दूध पितं ते काय उगाच? मग एकेक करत शेवटी कमरेला काळा करगोटा तेवढा उरला. आणि हातात पंचा. पंचा कसला, पंचाचं पिल्लू! पुढून धरावा तर मागे दुष्काळ, मागे न्यावा तर पुढे जाहीर सभा.

पाण्यात उतरण्याआधी अंग धुवायचं असतं, म्हणजे आंघोळीआधी आंघोळ. भिंतीशी बुटकी लाकडी स्टुलं आणि घंगाळासारखी भांडी मांडलेली. मी बसलो आणि एकदम ओळख पटली. हे तर आमच्या वाड्यातलं न्हाणीघर! बसायला पाट, हाताशी घंगाळ, फक्त कोपऱ्यात धुरकट बंब नाही. आणि तिथे एका वेळी एकच माणूस असायचा.

"बाबा, पाठ चोळू?" मागून आवाज आला.

नको म्हणायच्या आत खरखरीत फडकं माझ्या पाठीवरून फिरायला लागलं. फिरायला कसलं, किसायला. "अरे, हळू!"

"उटणं आठवतंय, बाबा?"

आठवलं. दिवाळीत पहाटे पाचला याला गादीतून ओढून मी पाटावर बसवायचो आणि हा भोकाड पसरायचा. "थांब, मळ निघतोय," असं म्हणत मी आणखी जोर लावायचो. तीस वर्षं पोरानं हिशेब जपून ठेवला होता! बँकेत इतकी वर्षं काढूनही असं थकलेलं व्याज चक्रवाढीने वसूल झालेलं मी पाहिलं नव्हतं. "थांबा, मळ निघतोय," तो म्हणाला.

त्यानंतर लाजायला काही शिल्लकच राहिलं नाही.

हौदात तीन म्हातारे गळ्यापर्यंत बसलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर घडी घातलेला पंचा. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. म्हणजे अब्रू झाकायला दिलेलं एकमेव वस्त्र ऐन वेळी डोक्यावर! मी पाय घातला आणि "आई गं!" असं ओरडलो. त्यातला सर्वांत म्हातारा काहीतरी म्हणाला. मुलाने सांगितलं, "हळूहळू उतरा, आणि मग हलू नका. हललं की जास्त भाजतं." मी हललो नाही. म्हाताऱ्याने विचारलं, कुठले? इंडो, मी म्हटलं. त्याने भुवया उंचावल्या आणि माझ्या करगोट्याकडे बोट केलं. तो कशासाठी, हे मुलाने त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण तिघांनी आदराने माना डोलावल्या. नंतर विचारलं तर म्हणाला, "सुरक्षेसाठी असतो, म्हटलं."

जेवणाचं थोडक्यात सांगतो. बिनपायांच्या खुर्चीवर, गुडघ्यांना समजावत, चौदा वाट्या. शाकाहारी हवं म्हणून आधी कळवलं होतं. त्यांनी मासा काढला, पण माशाचं पाणी काढलं नाही, कारण त्यांच्या लेखी तो मासा नव्हेच. हिने भातावर स्वतःचं मेतकूट घेतलं आणि लोणच्याच्या चार फोडींवर जेवण निभावलं. खोलीवर आलो तर जमिनीवर गाद्या घातलेल्या. एवढे पैसे मोजून जमिनीवर झोपायचं तर वाडा काय वाईट होता, असं म्हणायला तोंड उघडलं आणि थेट पहाटे जागा झालो.

सकाळी ही पाय पुढे करून बसलेली. मंगळसूत्र लखलखत होतं. चांदीची जोडवी मात्र तव्यासारखी काळीठिक्कर. "मला काय माहीत जोडवीसुद्धा दागिन्यांत येतात?" बसमध्ये बसेपर्यंत ती दंतमंजन शोधत होती.

पण त्याआधी बिल आलं. बँकवाला माणूस मी, ओळ न् ओळ वाचली. एका ओळीवर अडलो. "हा कसला आकार?"

"आंघोळीचा कर," मुलगा म्हणाला. "गरम झऱ्याच्या गावांत असतो. बहुतेक ठिकाणी माणशी दीडशे येन."

"आंघोळीवर कर? दर आंघोळीला?"

"छे! कितीही वेळा करा."

मी घड्याळ पाहिलं. साडेनऊ. खोली दहाला सोडायची. काल एक, पहाटे एक, अशा माझ्या दोनच झाल्या होत्या. पंचा उचलला आणि निळ्या पडद्याकडे निघालो. चष्मासुद्धा काढला नाही.

"बाबा, बस चुकेल!"

"दीडशे येन भरलेत," मी आतून ओरडलो. "तूही ये. आणि ते फडकं घेऊन ये."