सरासरीची 'भास्कराचार्य ट्रिक': दाजी, हे आधी डिलीट करा

रविवारी दुपारी दाजींनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं आणि मंगळवारी माझ्या भाचीच्या वहीत चारपैकी तीन गणितांवर लाल फुल्या आल्या. पोरगी सातवीत आहे, गणितात बरी आहे, आणि घरी येऊन मला फोनवर म्हणते, "मामा, सर चुकले, भास्कराचार्यांची पद्धत त्यांना माहितीच नाही." तिथे माझं डोकं फिरलं. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, चौदा वर्षं झाली खोदकामाची मापं एम.बी.त (मोजमापाच्या वहीत) लिहून राहिलोय, सरासरीवरच माझं पोट चालतं, आणि राहतो चाळीसगावला, म्हणजे पाटणादेवीच्या, भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेल्या जागेच्या दारात. त्यामुळे हे दोन्हीकडून लागलं.

ज्यांच्याकडे आलं नसेल (शक्यता कमी आहे) त्यांच्यासाठी फॉरवर्ड थोडक्यात सांगतो. वर भगवा झेंडा, हात जोडलेले चार इमोजी, मग "शाळेत सातवीला सरासरी मुद्दाम अवघड करून शिकवतात. आपल्या खान्देशच्या भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेली वैदिक पद्धत, ५ सेकंदात उत्तर." त्याच्याखाली चार नियम. एक, सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान संख्या घ्या, बेरीज करा, दोनने भागा, मधल्या संख्या बघायच्याच नाहीत. दोन, शून्य आलं तर सोडून द्या, शून्याला किंमत नसते. तीन, दोन सरासऱ्या दिल्या असतील तर त्यांचीच सरासरी काढा, वेगाचंही तसंच. चार, सरासरीच्या वर निम्मे आणि खाली निम्मे असतातच, तसे नसले तर उत्तर चुकलं समजा. शेवटी अर्थातच १० ग्रुपला पाठवा.

पहिल्या नियमापासून धरतो कारण भास्कराचार्यांचं नाव त्याच्यावरच चिकटवलंय.

भाचीला गणित होतं दुधाचं. एका गाईचं सात दिवसांचं दूध लिटरमध्ये: ८, ९, ९, ८, ९, ९, ४. शेवटच्या दिवशी वासरू सुटलं असेल, ४ च मिळालं. बेरीज ५६, भागिले ७, सरासरी ८ लिटर. पोरीने ट्रिक लावली, ९ अधिक ४ म्हणजे १३, निम्मे साडेसहा. आता बघा, सातपैकी सहा दिवस गाईने आठच्या खाली दूध दिलेलं नाही आणि हे फॉरवर्ड रोजचं दीड लिटर पिऊन मोकळं. एका दिवसाच्या वासराने सगळ्या आठवड्याचा हिशोब खाल्ला, कारण मधले पाच दिवस बघायचेच नाहीत असा नियम आहे. डेअरीवाल्याने असा हिशोब केला तर तुम्ही त्याला सोडाल का?

पोरांना फास्टच पाहिजे असेल तर खरी युक्ती आहे, ती शिकवा ना. डोळ्याला जो आकडा मधला वाटतो तो धरायचा, इथे ८. मग प्रत्येक दिवशी त्याच्यापेक्षा किती जास्त, किती कमी ते बघायचं: ०, १, १, ०, १, १, आणि शेवटी उणे ४. बेरीज शून्य. म्हणजे सरासरी बरोबर ८. दहावीला हेच गृहीतमध्य नावाने येतं. पाच सेकंदाच्या जागी दहा लागतील, पण उत्तर बरोबर येतं आणि यात एकही दिवस टाकलेला नाही.

आता लीलावती, म्हणजे भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ. हे ज्याने कोणी लिहिलं त्याने लीलावती उघडलेली नाही हे मी छातीठोक सांगतो. पहिली गोष्ट, ग्रंथ ११५० सालचा आहे, बाराव्या शतकातला, त्याला वैदिक कशाला म्हणता? दुसरी गोष्ट, त्यात सरासरी आहे, आणि ती आमच्या धंद्यातच आहे, खोदकामात. खातव्यवहार म्हणून भाग आहे, खड्डा खणला तर माती किती निघाली ते काढायचं. खड्ड्याच्या कडा कधीच सरळ नसतात, मग भास्कराचार्य सांगतात की रुंदी बऱ्याच ठिकाणी मोजा, 'बहुषु स्थानेषु' असेच शब्द आहेत, सगळ्या मापांची बेरीज करा आणि जितक्या ठिकाणी मोजलं तितक्याने भागा. लांबीचं तसंच, खोलीचं तसंच. जे येतं त्याला ते सममिती म्हणजे सरासरी माप म्हणतात. बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात सांख्यिकीच्या धड्यात दुसरं काय आहे? सगळ्या प्राप्तांकांची बेरीज भागिले प्राप्तांकांची संख्या. आठशे पंच्याहत्तर वर्षं मधे गेली आणि नियम तोच आहे. भाचीचे सर भास्कराचार्यांचंच शिकवून राहिलेत, त्यांच्याविरुद्ध भास्कराचार्य उभे करायचे म्हणजे कमालच झाली.

आमची आजी शाळेत गेली नव्हती. तिला मी हे सगळं वाचून दाखवलं तर अहिराणीत एवढंच म्हणाली, "बठ्ठं मोज ना मंग." सगळं मोज ना मग. बहुषु स्थानेषुचं यापेक्षा चांगलं भाषांतर मला तरी जमणार नाही.

आता इथे एक गोष्ट मला नाईलाजाने मान्य करावी लागते आणि ती करताना दात खातोय. त्याच नियमाखाली लीलावतीत उदाहरण आहे: वाकड्या कडांचा खड्डा, लांबी तीन ठिकाणी १०, ११, १२ हात (अकराला ईश म्हणजे रुद्र आणि बाराला अर्क म्हणजे सूर्य असं लिहिलंय, वाचायला मजा येते), रुंदी ६, ५, ७ हात, खोली २, ४, ३ हात. सरासऱ्या ११, ६ आणि ३, गुणाकार १९८ घनहात. आणि इथे मोठी-लहान ट्रिक लावली तरी ११, ६, ३ च येतात! कारण तिन्ही ठिकाणी आकडे सारख्या अंतराने आहेत. १०, ११, १२ किंवा १ ते १०० असे सारख्या टप्प्याने चढणारे आकडे असले की पहिला आणि शेवटचा धरून चालतं, तेवढं खरं आहे. कदाचित कोणीतरी हेच उदाहरण बघून नियम ठोकून दिला असेल. पण लांबी १०, १०, १२ धरून बघा, खरी सरासरी १० पूर्णांक २/३, ट्रिकने ११. गेली ना.

ग्रुपवर चुलतभावाने मधेच टाकलं की हवामानवाले पण दिवसाचं सरासरी तापमान कमाल आणि किमानचं निम्मं धरतात. बरोबर आहे, ती पद्धत आहे. पण ती काटकसर आहे, दिवसातून दोनच आकडे हातात असायचे तेव्हापासूनची सोय, त्यात ४५ चा चटका दुपारी किती तास टिकला ते कळत नाही. ज्याच्या हातात सातही आकडे लिहून दिलेत त्याने दोनच का वापरावे?

आणि भास्कराचार्यांचा वर-खालच्या दोन मापांवर किती भरवसा होता ते तर पुढच्याच नियमात दिसतं. तोंडाशी रुंद आणि तळाशी अरुंद अशी विहीर घेतलीय त्यांनी, वर १२ बाय १० हात, खाली त्याच्या निम्मी म्हणजे ६ बाय ५, खोली ७. दाजींच्या फॉरवर्डप्रमाणे वरचं क्षेत्रफळ १२०, खालचं ३०, निम्मे ७५, गुणिले ७ म्हणजे ५२५. लीलावती म्हणते थांबा. वरचं क्षेत्रफळ, खालचं क्षेत्रफळ, आणि वरच्या-खालच्या बाजूंची बेरीज करून येणारं क्षेत्रफळ म्हणजे १८ गुणिले १५, २७०, या तिघांची बेरीज ४२०, तिला सहाने भागा, ७०. गुणिले ७, ४९०. पस्तीस घनहाताचा फरक. आम्ही डिप्लोमाला हेच प्रिझमॉइडल फॉर्म्युला म्हणून घोकलं आणि तेव्हा कोणी सांगितलं नाही की चाळीसगावपासून थोड्या अंतरावर पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता आणि तिथल्या निकुंभ राजाने त्याला दान दिल्याचा शिलालेख आहे, १२०७ च्या सुमाराचा, भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला.

विहीर जुनी वाटत असेल तर शेततळं घ्या, आपल्याकडे आता गावोगाव आहेत. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३, कडांना दीडास एक उतार (दीड मीटर आत गेलं की एक मीटर खाली), म्हणजे तळ २१ बाय २१. दोन क्षेत्रफळांची सरासरी धरली तर २०११.५ घनमीटर. बाजूंचीच सरासरी धरली, साडेपंचवीस बाय साडेपंचवीस, तर १९५०.७५. लीलावतीच्या नियमाने १९७१, आणि तेच खरं आहे. घनमीटरवर बिल असलं तर पहिल्या हिशोबात चाळीस घनमीटर हवेचे पैसे द्याल. जेसीबीवाले तासावर घेतात म्हणून आपली लोकं वाचतात, नाहीतर ह्या ट्रिकने कितीतरी एकर विकले गेले असते.

शून्याचा नियम. शून्याला किंमत नसते असं ज्या देशात लोक लिहून राहिले तिथे मी काय बोलू. आठवड्यात दोन दिवस पाऊस पडला, ३० आणि ४० मिलिमीटर, बाकी पाच दिवस कोरडे. सरासरी ७० भागिले ७, रोजचा १० मिमी. शून्यं सोडली तर ७० भागिले २, रोजचा ३५! जूनमध्ये रोज ३५ मिमी पडला असता तर आमच्यावर दुबार पेरणीची पाळी कशाला आली असती? कोरडा दिवस हा पण दिवसच आहे, कापसाच्या अंकुराला विचारा. क्रिकेटवाल्या ब्रॅडमनचंच बघा, १९४८ ला ओव्हलवर शेवटच्या डावात शून्यावर गेला आणि सरासरी ९९.९४ वर अडकली. ६९९६ रन, ७० वेळा आऊट. ते शून्य सोडलं असतं तर १०१.३९ झाली असती, पण जगात कोणी सोडलं नाही. हां, पोरगा परीक्षेला गैरहजर असेल तर ती गोष्ट वेगळी, तिथे आकडाच नाही, शून्य मार्क आणि गैरहजर एक नसतात. एवढंच काय ते खरं.

तिसऱ्या नियमाने मात्र घरात भांडण लागायची वेळ आली होती. काकांचं कोरडवाहू रान एकजण निम्म्या वाट्याने करतो. समजायला सोपे आकडे घेतो: पहिल्या वेचणीचा २ क्विंटल कापूस ८००० ने गेला, नंतरचा १८ क्विंटल ६५०० ने. काकांनी फॉरवर्ड वाचलेलं, म्हणाले सरासरी भाव ७२५०, गुणिले २० म्हणजे १ लाख ४५ हजार, निम्मे ७२५०० दे. तो बिचारा म्हणतो, आप्पा, माझ्या हातात एवढे आलेच नाहीत. आणि नव्हतेच आले! १६ हजार अधिक १ लाख १७ हजार, १ लाख ३३ हजार, भागिले २०, खरी सरासरी ६६५०. बारा हजार रुपये नुसत्या भागाकारातून उगवले आणि त्यातले सहा हजार त्या माणसाच्या खिशातून जाणार होते. दोन्ही वेळा माल सारखाच असता, दहा-दहा क्विंटल, तर सरासरीची सरासरी चालली असती. शेतकऱ्याचा पहिला आणि शेवटचा वेचा सारखा कधी असतो? वीस वर्षांची ओळख, आणि हिशोबात खोटा कोण तर व्हॉट्सअ‍ॅप. काकांनी नंतर त्याला चहा पाजला, तो विषय मिटला, पण तोंड उतरायचं ते उतरलंच.

वेगाचं त्याच माळेतलं. जळगावहून अमळनेरला, अंतर सोयीसाठी ६० किमी धरा, जाताना ६० च्या स्पीडने १ तास, येताना रस्त्याच्या कामामुळे ३० ने, २ तास. एकूण १२० किमी, ३ तास, सरासरी ४०. पंचेचाळीस नाही. हळू चालण्यात वेळ जास्त जातो, बस.

चौथ्यावर काय लिहू. पाच पोरांचे मार्क ९, ९, ९, ९, २. सरासरी ७.६, वर चार पोरं, खाली एक. निम्मे-निम्मे करणारा तो मध्यक असतो, वेगळा प्राणी, वरच्या वर्गात येतो.

भाचीने काल तिन्ही गणितं परत केली आणि सरांना दाखवली, सरांनी तपासून दिली. आता दाजी, तुमचं राहिलं. डिलीट फॉर एव्हरीवनची वेळ गेली असेल तर त्याच्याच खाली लिहा की चुकलं. तुम्ही ते आपल्या तीन ग्रुपवर टाकलंय, मी मोजलं: एकात ६० माणसं, एकात ११, एकात ४. एका ग्रुपमागे सरासरी २५ जण. तुमच्या ट्रिकने ३२ येतात. ते वरचे सात जण कोण, ते तेवढं सांगा.