लसूण खाऊ घातल्याने गोचीड पळत नाहीत

गेल्या आठवड्यात मावसबहिणीने एक फॉरवर्ड धाडला आणि खाली लिहिलं, 'उद्यापासून सुरू करतेय.' तिच्या घरात चार किलोचा पॉमेरियन कुत्रा, म्हणजे पॉम आहे, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. एरवी 'शरद ऋतू आला, लहान कुत्रा पाळणाऱ्यांनी वाचाच' असल्या मथळ्याचा मजकूर आपण पुसून मोकळे होतो.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पावसाळा संपताना गोचीड वाढतात, म्हणून रोज लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून दहीभातात घाला, पंधरा दिवसांत गोचीड पळतील. खोबरेल तेलात कापूर विरघळवून अंगाला चोळा. ऑक्टोबरच्या उन्हाआधी मशिनने सगळे केस काढा. नाक कोरडं पडलं की ताप समजा आणि क्रोसिनची पाव गोळी द्या. लहान कुत्रा घरातच पळून दमतो, बाहेर नेऊ नका, म्हणजे गोचीडही लागणार नाहीत. कोजागिरीचं दूध आणि दिवाळीचा फराळ थोडा थोडा द्यायला हरकत नाही, 'तोही घरचाच ना'. शेवटी नेहमीचं: डॉक्टरची गरज नाही, पुढे पाठवा.

पावसाळा उतरताना गोचीड वाढतात, हे खरं. मजकुरातलं धड वाक्य तेवढंच.

लसणाबद्दल ऐकीव बोलायची गरज नाही. २००० साली अमेरिकन जर्नल ऑफ व्हेटरिनरी रिसर्चमध्ये जपानी संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. चार कुत्र्यांना सात दिवस लसणाचा अर्क दिला, वजनाच्या दर किलोमागे ५ ग्रॅम अख्ख्या लसणाइतका. तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन घटत गेलं आणि तळ गाठला तो नवव्या ते अकराव्या दिवशी, म्हणजे लसूण बंद केल्यावर. पेशींमध्ये हाइन्झ बॉडीज दिसल्या. लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी हिमोग्लोबिनचं ऑक्सिडेशन होतं, त्याच्या गुठळ्या पेशीच्या आवरणाला चिकटतात आणि प्लीहा अशा पेशी रक्तातून काढून टाकते. त्या गुठळ्या म्हणजे हाइन्झ बॉडीज.

आता नाइलाजाने कबूल करायची गोष्ट. त्या प्रयोगात एकाही कुत्र्याला बाहेरून दिसण्याइतका पंडुरोग झाला नाही आणि मात्राही दांडगी होती: चार किलोच्या कुत्र्याला रोज २० ग्रॅम. फॉरवर्डमधल्या दोन मोठ्या पाकळ्या धरल्या तर ६-८ ग्रॅम होतात. त्यामुळे आमटीतली एखादी पाकळी चुकून पोटात गेली म्हणून रात्री दवाखाना उघडायला लावू नका. पण हा मजकूर चुकून गेलेल्या पाकळीबद्दल बोलत नाही. तो रोज द्यायला सांगतो, पंधरा दिवस, आणि मात्रेला वजनाची अटच नाही. चाळीस किलोच्या लॅब्रॅडॉरला दोन आणि अडीच किलोच्या टॉय पॉमलाही दोनच.

खरी गोम पुढे आहे. गोचिडाच्या चाव्यातून दोन रोग आपल्याकडे सर्रास होतात. बबेसियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून ती फोडतो. एर्लिकिया पांढऱ्या पेशीत राहतो आणि प्लेटलेट्स पाडतो. म्हणजे ज्या कुत्र्याला गोचीड लागलेत, त्याचं रक्त आधीच धोक्यात आहे, आणि आपण त्याला तांबड्या पेशींवरच घाव घालणारी वस्तू रोज चारायची! वर लसणाच्या वासाने गोचीड कुत्र्याचं अंग सोडतो, याला भक्कम पुरावा काहीच नाही. पंधरा दिवसांत ते 'पळतात' ते असे: गोचीड रक्त पिऊन फुगला की आपणहूनच गळून पडतो. गळून पडल्यावर तो कुठे जातो, हे मात्र फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही.

तो जातो भिंतीवर. कुत्र्याचा तपकिरी गोचीड घराच्या आत आख्खं आयुष्य काढू शकतो. फुगलेली मादी खाली पडते आणि फट शोधते: दाराच्या चौकटीमागे, स्विचबोर्डच्या कडेला, पडद्याच्या दांडीपाशी, सोफ्याच्या शिवणीत. तिथे एका खेपेला हजारांनी अंडी घालते. त्यातून खसखशीच्या दाण्याएवढी, सहा पायांची पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, गळतात, कात टाकतात, आठ पायांची होऊन पुन्हा चढतात. मोठ्या गोचिडाला खायला मिळालं नाही तरी तो वर्षभरही तग धरू शकतो. म्हणून 'बाहेर नेलं नाही की गोचीड नाही' हा मुद्दाही इथेच निकालात निघतो. एक मादी तुमच्या पँटला किंवा शेजारच्या कुत्र्याला चिकटून आत आली की पुरे.

मग करायचं काय? रोज संध्याकाळी पाच मिनिटं कुत्र्याला मांडीवर घेऊन बोटांनी चाचपा. कानाच्या आतली घडी, पट्ट्याखाली, काखा, जांघा, शेपटीखाली, आणि पायाची बोटं एकेक फाकवून मधली जागा. गोचीड बहुतेकदा याच जागी सापडतात. सापडला तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरा आणि सरळ, सावकाश ओढा. पिळवटू नका. रॉकेल लावणं, उदबत्तीचा चटका देणं हे प्रकार नकोत. छेडलेला गोचीड आपली लाळ आत ओकण्याची भीती असते. काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका, नखाने चिरडू नका. जागेवर बीटाडीन लावा, हात धुवा.

खरा उपाय औषधाचाच. फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर या गटातल्या चघळायच्या गोळ्या वजनाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात. अफॉक्सोलेनर महिन्याला एक, फ्लुरालेनर साधारण बारा आठवड्यांना एक आणि तीही जेवणाबरोबर, नाहीतर नीट शोषली जात नाही. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून चार तुकडे करायचा काटकसरीपणा करू नका, औषध प्रत्येक तुकड्यात सारखंच उतरेल याची खात्री नसते. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. या गटाबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये तशी सूचना दिली आहे. दोन किलोच्या आतल्या पिल्लाला काय द्यायचं, हेही डॉक्टरच ठरवतील.

लोक फसतात ते पुढच्या पायरीला. गोळीने गोचीड मरतो तो चावल्यानंतर. त्यामुळे गोळी देऊनही पुढचे काही आठवडे नवे गोचीड अंगावर दिसतात आणि लोक 'औषध चालत नाही' म्हणून पुन्हा लसणाकडे वळतात. घरातल्या फटींमधली फौज संपायला दोन-तीन महिने लागतात. तोवर कुत्र्याचं अंथरूण आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, फटींवर व्हॅक्यूमचं टोक फिरवा आणि आतली पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी औषध द्या. घरात मांजर असेल तर गुरांसाठीचं डेल्टामेथ्रिन किंवा परमेथ्रिन हे कीटकनाशक कुत्र्यालाही लावू नका. मांजर त्याला चाटतं, शेजारी झोपतं, आणि हे विष तिच्या जिवावर बेततं.

कापराच्या तेलाबद्दल चार ओळी पुरेत. कापूर कातडीतून शोषला जातो, कुत्रा अंग चाटतो तेव्हा पोटातही जातो आणि जास्त झाला की झटके येतात. चार किलोच्या जिवाला 'जास्त' व्हायला फार लागत नाही. चुकून लावलं असेल तर सौम्य शाम्पूने धुऊन काढा आणि चाटू देऊ नका.

केसांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, पण नेमक्या चुकीच्या जातीसाठी. शिह त्झू, ल्हासा यांचे केस कात्रीने आखूड केले तर चालतं, बरंच सोपं पडतं. पॉमचं तसं नाही. (आपल्याकडे पॉम म्हणून वावरणारे बरेचसे इंडियन स्पिट्झ असतात, पण कोट दोघांचाही दुहेरी: आत मऊ लोकर, वर राठ केस.) मशीन शून्यावर लावून तो उतरवला की वरचे राठ केस कधी महिनोन् महिने येत नाहीत, कधी ठिगळासारखे येतात, आणि उघडी कातडी उन्हाने भाजते ती वेगळीच. पंजांखालचे, शौचाच्या जागेचे आणि पोटाचे केस कापा. बाकी अंगावर स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) आणि मग लोखंडी कंगवा, मुळापासून, एक दिवसाआड. कानामागे आणि काखेत गाठी आधी होतात, आणि गोचीडही तिथेच लपतात.

कोरडं नाक हा तापाचा पुरावा नाही. झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडं असतंच. थर्मामीटर गुदद्वारातून लावा, टोकाला व्हॅसलीन. आणि हे ध्यानात ठेवा की कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या हिशेबाने १०२ बघून घाबरलेली माणसंच क्रोसिन शोधतात. ६५०ची पाव गोळी म्हणजे सुमारे १६० मिलिग्रॅम, चार किलोच्या कुत्र्याला किलोमागे ४०. पशुवैद्य पॅरासिटामॉल देतात तेव्हाही मात्रा किलोमागे १० ते १५ च्या आसपास असते. एकाच पाव गोळीने मरेल असं नाही, पण दिवसातून तीनदा दिली तर यकृतावर येईल. शिवाय ताप तात्पुरता उतरतो आणि बबेसियाचे दोन दिवस हातचे जातात. त्यापेक्षा ओठ उचलून हिरडी बघा: गुलाबी हवी, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परतायला हवा. हिरडी पांढुरकी, लघवी कॉफीसारखी, नाकातून रक्त किंवा खाणं बंद, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) करून घ्या.

फिरण्याबद्दल: दमणं वेगळं, वास घेत हिंडणं वेगळं. कोंडलेला लहान कुत्रा बेलवर भुंकतो, सोफ्यावरून फरशीवर उड्या मारतो आणि गुडघ्याची वाटी सरकवून घेतो. सकाळी आठच्या आत आणि अंधार पडल्यावर वीस-वीस मिनिटं न्या. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला टेकवेना तर त्यालाही नको. गळपट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, कारण पॉमची श्वासनळी नाजूक असते.

राहिला फराळ. मसाला दुधाने बहुधा जुलाबावर भागेल. बेदाण्याचं तसं नाही. बेसनाच्या लाडवावर टोचलेला एकेक बेदाणा आणि चिवड्यातले मूठभर, दोन्ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, आणि किती खाल्ले तर चालतं याचा भरवशाचा आकडा नाही. २०२१ पासून संशय बेदाण्यातल्या टार्टरिक आम्लावर आहे, ते चिंचेतही असतं, त्यामुळे चिंचेचा कोळही त्याच रांगेत धरा. खाल्लेलं लक्षात आलं की लगेच डॉक्टरांना फोन करा. पहिल्या दोन तासांत उलटी करवता आली तर बरंच निभावतं. घरी मिठाचं पाणी पाजू नका, रक्तातलं सोडियम चढून तेच जिवावर येतं. फोनवर कुत्र्याचं वजन, अंदाजे किती बेदाणे आणि किती वाजता, एवढं आधी सांगा.