मालकाचं उत्तर: तो ठसा आम्ही मारलेला नाही

नमस्कार. नाणं हातात पडल्यावर तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. पण ‘चेपलेल्या नाण्यावर दुकानदारानेच ठसा मारून भाव वाढवला’ असं तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत. जुन्या नाण्यांचा धंदा विश्वासावर चालतो, त्यामुळे यावर गप्प बसता येत नाही.

तुमचं नाणं स्पेनचं, ४ मारावेदींचं (मारावेदी हे तिथलं जुनं चलन), १६०२ च्या आधीचं. तांब्यात किंचित चांदी असलेलं. एकीकडे किल्ला, दुसरीकडे सिंह. १६०३ मध्ये तिथल्या राजाने, तिसऱ्या फिलिपने, अशी नाणी टांकसाळीत मागवून रोमन आठचा ठसा मारायला लावला, किंमत दुप्पट. नाणी आणणाऱ्याला मूळ रकमेइतकीच परत मिळत, म्हणजे संख्येने जवळपास निम्मी. उरलेली राजाच्या तिजोरीत. १६२८ मध्ये किंमत पुन्हा ४ वर आणली. मग १६३६ मध्ये चौथ्या फिलिपने ती तिप्पट करून रोमन बारा उमटवायला लावला. तुमच्या नाण्यावर हा बारा आधीच्या आठवर चढलाय, म्हणून आठचा अर्धाच भाग दिसतो.

आता ‘चेपलेलं’ म्हणालात त्याबद्दल. ठसा हातोड्याने मारताना नाण्याची दुसरी बाजू ऐरणीवर टेकलेली असते, त्यामुळे ठशाच्या नेमकी मागची नक्षी सपाट होते. तुमचा सिंह तिथेच पुसलाय. भिंगातून पाहा: ठशाच्या कडेला धातू किंचित वर सरकलेला दिसेल. आम्ही पाठवण्याआधी काढलेल्या फोटोत ठशाच्या खळग्यातली काळपट पुटं बाकीच्या नाण्यासारखीच आहेत. आज ठसा मारला असता तर पुटं तडकून आतलं ताजं तांबं बहुधा दिसलं असतं. आणि ठशासाठी आम्ही एक रुपयाही जास्त लावलेला नाही, बिलात फक्त नाण्याची किंमत आहे.

तुम्ही स्वतःच लिहिलंय की चिंच लावून घासलं, तर गुलाबी तांबं निघालं. चिंचेच्या आंबटाने वरचा थर सुटतो, आणि ती पुटं परत येत नाहीत. त्या थरावरूनही संग्राहक नाण्याचं जुनेपण जोखतात. हे नाणं आता पूर्ण पैसे देऊन परत घेणं आम्हाला परवडणार नाही. तरी निम्मी रक्कम द्यायला तयार आहोत, दुकानाच्या नंबरवर कळवा.

यादीत यापुढे मागच्या बाजूचा फोटो आणि वजनही टाकू, जमेल तसं. न घासण्याची सूचना पाकिटात ठेवायचं बघतो.