तळावलीचं चर्च ‘पोर्तुगीज’ कसं काय?

परवा आत्याला घेऊन गोव्यात तळावलीला गेलो होतो. पिलारजवळून आत वळलं की भातशेती लागते, मग माड, आणि एका वळणावर अचानक समोर पांढरीशुभ्र पाचमजली भिंत. हे सांतानाचं चर्च. सांताना म्हणजे सेंट अ‍ॅन, मारियेची आई, येशूची आजी. एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कशाला, हा प्रश्न पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाला पडतो. आत्यालाही पडला.

आमच्या पुढे एक ग्रुप होता. त्यांचा गाइड म्हणाला, “पोर्तुगीजांनी बांधलेलं,” आणि दोन मिनिटांत सगळे फोटो काढून गाडीत. हे वाक्य मी गोव्यात शंभरदा ऐकलंय आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. म्हणून ही पोस्ट. लांबेल, आधीच सांगतो.

काम सुरू झालं १६८१ मध्ये, पुरं झालं १६९५ मध्ये. ते हाती घेतलं फ्रान्सिस्को दो रेगो या पाद्रीने. नाव पोर्तुगीज, माणूस इथला, गोमंतकीय. त्या काळात युरोपातून आलेले धर्मसंघ स्थानिक पाद्रींना सहसा आपल्यात घेत नसत. शिकलेला, लॅटिन येणारा पाद्री असला तरी रंगावरून आणि वंशावरून तो खालचाच. आणि अशा एका पाद्रीने गावात काय उभं केलं? जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन साधूंचं जे सगळ्यात भव्य चर्च होतं, दोन बाजूंना दोन उंच मनोरे आणि मधे मजल्यावर मजले, त्याच धाटणीचं दर्शनी रूप. मला तर यात सरळ सरळ ‘तुमच्याकडे आहे, तर आमच्याकडेही असेल’ असा ताठा दिसतो.

बांधलं कशाने? जांभ्याने. आपल्या कोकणात घराला, विहिरीला, गडग्याला वापरतो तोच चिरा. वर चुन्याचा गिलावा. जांभा पाणी पितो, त्यामुळे पावसाळ्यानंतर चुना मारावाच लागतो, दोन वर्षं हयगय केली की भिंत काळी पडून शेवाळ धरते. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवायची गोव्याची जुनी रीत. त्यातून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा असतो, डोळ्यांना अजिबात लागत नाही. आत कोनाड्यांच्या माथ्यावरही गिलाव्यात कोरलेले मोठाले शिंपले. आणि भिंती इतक्या जाड की त्यांच्या आतून माणूस चालत जाईल अशी पोकळ वाट आहे. तिथून पाद्री पापनिवेदन ऐकायचे, असं सांगतात. चिरा कुणी घडवला, चुना कुणी मळला, शिंपला कुणी कोरला? लिस्बनहून गवंडी आणले नव्हते.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, म्हणून मीच लिहितो. हो, १५४० च्या सुमारास याच तिसवाडी तालुक्यातली देवळं पाडली गेली. देव घेऊन लोकांना नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, जावं लागलं. १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याबद्दल शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं. यातलं काहीही झाकायचं नाही. पण ज्यांनी ते सोसलं त्यांच्याच नातवापणतवांनी घडवलेली वास्तूही आपण त्याच सत्तेच्या खात्यावर जमा करतो, हे मला पटत नाही. सोसलं यांनी, आणि श्रेय मात्र त्या सत्तेला?

ऑगस्टिनियन चर्चचं काय झालं, तेही बघा. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने साधूंना घालवलं, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये समोरची भिंत गेली. आज उरलाय एक अर्धा मनोरा, ४६ मीटरचा. तळावलीचं उभं आहे. मठाला साधू होते, ते गेले. इथे गाव होतं, ते कुठे जाणार?

आणि गाव इथे येतं ते तवसं घेऊन. तवसं म्हणजे मोठी काकडी, जिची तवसळी, गोड केक, करतात. जुलैच्या शेवटाला, २६ तारखेच्या आसपास, इथे तवशांचं फेस्त भरतं. मूल व्हावं म्हणून जोडपी सांतानाला तवसं वाहतात. त्यासोबतचं जुनं पोर्तुगीज गाऱ्हाणं: ‘सेन्योरा, तोमाय पेपिनु, दाय-मि मेनिनु’. बाई, काकडी घे, बाळ दे. लग्न न जमणाऱ्या मुली उडीद वाहायच्या, त्यांचं वेगळं: ‘तोमाय उरिदु, दाय-मि मारिदु’. मारिदु म्हणजे नवरा. आणि उरिदु म्हणजे? आपले उडीद! यमक जुळवायला पोर्तुगीज गाऱ्हाण्यात उडीद घुसवणारी ती बाई कोण होती, मला फार भेटावंसं वाटतं तिला.

आत्याला हे सांगितलं तर तिला काडीचं नवल वाटलं नाही. “मग, आमी सातेरीची ओटी भरतंव ती कित्याक?” एवढंच. सातेरी म्हणजे आमची ग्रामदेवी, आणि कित्याक म्हणजे कशासाठी. मग आल्तारासमोर उभी राहून तिने हात जोडले, पायातल्या चपला दाराबाहेरच काढून आली होती.

बाहेर एक म्हातारी टोपलीत तवशी घेऊन बसली होती. आत्याने तीन दाबून बघितली, भावावरून घासाघीस केली आणि त्यातल्या त्यात जून असलेलं एक उचललं.

तवसळीसाठी.