अव्वाचं टाइमटेबल

पुण्याच्या पाहुण्यांना सोलापूर म्हणलं की दोनच गोष्टी आठवतात, चादर आणि शेंगाचटणी, आणि दोन्ही फुकटात. तर मे महिना, सकाळीच डोकं तापलेलं, गाडी गॅरेजला, आणि बायकोनं हातात पिशवी देऊन सांगितलं की पाहुणे संध्याकाळी निघालेत, नवी पेठेत जाऊन दोन चादरी आणा. आसरा चौकातल्या रिक्षावाल्यानं जो आकडा सांगितला तो मला वाटलं चादरी धरून सांगतोय. मग ठरवलं, सिटी बस. शेवटचा बसलो तेव्हा मी कॉलेजला होतो, आता पोरगी कॉलेजला आहे.

स्टॉप शोधण्यातच दहा मिनिटं गेली. सापडला तेव्हा त्याच्यावर कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, गॉगलवाले भाऊ मधे आणि खाली शुभेच्छुकांची सोळा डोकी. बसचे नंबर लिहिलेला बोर्ड आहे म्हणे, पण तो फ्लेक्सच्या मागं, असं शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं. म्हणजे कुठली बस कधी येणार हे सगळ्या चौकात फक्त भाऊंच्या पाठीला माहीत.

बाकावर एक अव्वा, म्हणजे आजीबाई, बसलेली, मांडीवर गाठोडं. पोरीकडं आलती, आता परत कुंभारीला, "गरकुलाला" जायचं होतं, पुढं दुसरी बस बदलून. विडी कामगारांची ती दहा हजार घरांची वसाहत, 2006 ला खुद्द पंतप्रधान आलते उद्घाटनाला. अव्वाचा सगळा जन्म विड्या वळण्यात गेलेला, बोलताना पण तिची बोटं रिकामीच वळत होती, अंगठ्यानं पान दाबायचं, गुंडाळायचं, नखानं टोक मुडपायचं, पान नाही तंबाखू नाही, नुसती हवा.

"अव्वा, बस कधी येते?"

"आता पावणेअकरा ना? मग ड्रायव्हर अजून जेवला नाही. साडेअकराला डबा खाऊन निगतो. बस की."

मी मोबाइल काढून बघितला. मोबाइलमध्ये बसचा पत्ता नव्हता, ड्रायव्हरच्या डब्याचा तर नाहीच.

तेवढ्यात एक पोरगा आला, गळ्यात कार्ड, हातात टॅब. कॉलेजचा प्रोजेक्ट होता, सिटी बसकडं जास्त प्रवासी कसे वळवावेत. स्वतः बाइकवरनं आलता, ती झाडाच्या सावलीत लावली आणि आम्ही उन्हात.

"काका, तुम्ही सिटी बस का वापरत नाही?"

"येत नाही म्हणून."

"तसा ऑप्शन नाही. तिकीट महाग, गर्दी, अस्वच्छता, इतर."

"मग इतर टाक."

"सगळे इतरच टाकलालेत की हो," पोरगा वैतागला.

पुढचा प्रश्न अव्वाला. स्टॉपवर किती वेळ थांबता? पाच मिनिटं, दहा, का पंधरापेक्षा जास्त? अव्वा म्हणाली, "जास्तच्या पुडचं काय हाय ते सांग." मग समाधानाला पाचपैकी किती मार्क देणार? "पाच कशाला? दोन बस सोडा, मी दहा देते."

मला पण मग चेव चढला. म्हणलं लिही, बसमध्ये टीव्ही नको, वायफाय नको, सीटला मखमल पण नको. 2011 च्या जनगणनेतच या गावात साडेनऊ लाख माणसं होती, ती काय सगळी हौसेनं दुचाकीवर फिरलालेत का? दर दहा मिनिटाला बस असली की माणूस घड्याळ न बघता घराबाहेर पडतो, तासाला एक असली की घड्याळ बघतो आणि स्कूटीची किल्ली उचलतो. मग बस रिकामी, मग उत्पन्न नाही, मग म्हणतात परवडत नाही, अजून दोन गाड्या कमी करा. जेवण देत नाही कारण पेशंट अशक्त आहे, असं झालं हे. मुंबईत 2019 ला बेस्टनं कमीत कमी तिकीट 5 रुपये केलं तर माणसं परत बसकडं वळली. शेजारी कर्नाटकात 2023 पासनं तिथल्या बायकांना सरकारी बस फुकट, अव्वाची बहीण विजापूरची, ती आता महिन्यातनं दोनदा देवाला जाते म्हणे, आणि देवाला पण कंटाळा आलाय. आणि केंद्राच्या त्या 10 हजार इलेक्ट्रिक बसच्या योजनेत आपलं पण नाव आहे. येऊ देत की. फक्त विजेच्या असल्या तरी त्या कधी येणार ते कुणीतरी सांगायला पाहिजे.

"काका, एवढं बसत नाही यात. पन्नास अक्षरं."

अकरा वीस झाले. पोरालाच दया आली, म्हणाला मी पार्क चौकाकडंच चाललोय, बसा मागं. मी अव्वाकडं बघितलं. "जा बाबा," ती म्हणाली, "तुला दम नाही." मनात जरा चोरट्यासारखं झालं पण बसलो.

सात रस्त्याच्या अलीकडं पोराची गाडी आचके द्यायला लागली. पेट्रोल. ढकलत पंपावर गेलो, तिथं रांग, आमच्या पुढं बारा गाड्या, मी मोजल्या. चादरीची रिकामी पिशवी डोक्यावर धरून उभा होतो आणि रस्त्यानं सिटी बस गेली. अर्धी रिकामी. तिसऱ्या खिडकीत अव्वा, मांडीवर गाठोडं, तोंडावर वारा. मला बघून हात पण हलवला तिनं. घड्याळात बघितलं, बारा वाजायला वीस कमी.

पोरगा टॅब उघडून म्हणाला, "काका, शेवटचं राहिलं, सेवा सुधारण्यासाठी आपली सूचना?"

"लिही," मी म्हणलं, "ड्रायव्हर कधी जेवतो ते स्टॉपवर लावा."

त्यानं बोटानं अक्षरं मोजली.

"बसतंय काका."